वर बसल्यावर काय दिसतं

नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी डंपर चालवू देत नाही.
सतरा पायऱ्यांची शिडी चढवते,
केबिनमध्ये बसवते, पट्टा आवळायला लावते
आणि विचारते, खाली बघ. काय दिसतं?

गेल्या सोमवारी बोइकान्यो बसला.
म्हणाला, रस्ता दिसतो. कडेचा बांध दिसतो.
पार तिकडे कालाहारीची झुडपं,
मामाची गुरं असती तर इथून मोजली असती.
आणि जवळ?
जवळ काही नाही, मॅडम. मोकळं आहे.

मी शिट्टी वाजवली.
उजव्या चाकापुढून एकामागे एक तीन पिकअप निघाल्या,
बंपरखालून सर्व्हेवाले चौघं,
पलीकडच्या अंगाने पाण्याचा टँकर,
आणि सगळ्यांत शेवटी कँटीनची केलेबोगिले,
डोक्यावर पावांची पाटी, हसत.
ती दर खेपेला हसते.
बोइकान्यो हसला नाही. तळहात पँटला पुसत राहिला.

त्या पहाटे मीही म्हणाले होते, मोकळं आहे.
एक भोंगा म्हणजे इंजिन सुरू,
दोन म्हणजे पुढे, तीन म्हणजे मागे.
मी दोन वाजवले. नियमाप्रमाणे.
चौकशीच्या कागदावर तसंच लिहिलंय: नियमाप्रमाणे.

म्मोलोकीच्या पिकअपवरची झेंड्याची काठी
आदल्या दिवशी वाऱ्याने मोडली होती.
नवी मागवलेली होती, स्टोअरच्या वहीत नोंद आहे.
त्याचा रेडिओ दुसऱ्या चॅनेलवर.
माझ्या केबिनमधलं यंत्र
रात्रभर टीं टीं करत होतं,
बांध बघून, दगड बघून, रिकामी धूळ बघूनसुद्धा.
आधीच्या पाळीतल्या कुणीतरी
त्याच्या जाळीवर काळी टेप चिकटवली होती.
ती मी लावली नव्हती.
काढलीही नव्हती.

डंपरला काही कळलं नाही.
चारशे टन. साधा हिसकासुद्धा नाही.
रेडिओवर ओरडाआरडा झाला तेव्हा
मी थर्मासचं झाकण फिरवत होते.

आमच्या आजोबांच्या गुरांच्या ठाण्यावर
पुढच्या गाईच्या गळ्यात घंटा असायची.
ते म्हणत, वाजतेय तोवर खुशाल झोप.
थांबली की ऊठ.
आम्ही सगळे तसेच वाढलो,
घंटेच्या आवाजात गाढ झोपणारे.
यंत्र बनवणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसावं.
चौकशीतही कुणी विचारलं नाही.

आता लहान गाड्यांचा रस्ता वेगळा आहे,
मधे माणसाच्या छातीएवढा बांध.
डंपरजवळ यायचं तर आधी रेडिओवर विचारायचं,
आणि चालकाने तुमचं नाव घेऊन ‘ये’ म्हटल्याशिवाय
चाकसुद्धा हलवायचं नाही.
यंत्रही बदललं. आता कमी वाजतं,
वाजलं की ब्रेक स्वतःच लावतं.
मार्चमध्ये त्याने एका पिकअपपासून अकरा मीटरवर डंपर थांबवला.
त्या पाळीच्या नोंदवहीत
‘काय घडलं’ या रकान्यात मी लिहिलं, काही नाही.
मग ते खोडलं,
आणि पिकअपमधल्या दोघांची नावं लिहिली.

बोइकान्यो खाली उतरला.
कुणी न सांगता डंपरभोवती एक फेरी मारली,
गुडघे टेकून चाकांमागे वाकून बघितलं,
टायरवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.
चांगला चालक होईल.

केलेबोगिलेने पाव वाटले.
मी उभी राहून माणसं मोजली.
लपवली होती नऊ.
नऊ निघाली.
पाव घ्यायला जाण्याआधी
मी पुन्हा शिडी चढले,
जाळीवरून नख फिरवलं,
आणि वरूनच पुन्हा मोजायला लागले.
वरून चारच दिसली.